चार बोटं जास्त

हमरस्त्याला लागून बर्चची झाडं तोडून झाली,
जमीन सपाट झाली, कुंपण पडलं,
तरी गुनवोरच्या दुकानात ही बातमी पोचली
ती एका झिपमधून.
एक मुलगी आली. झिप उजेडात धरून रंग पाहिला,
दातांचा नंबर विचारला, फोटो काढला,
आणि गोड हसून म्हणाली,
"आता ते इथंच येतायत ना, एका दिवसात घरपोच."
दारावरची घंटा तिच्यामागे बराच वेळ हलत राहिली.

गुनवोर बेकेलीन, वय त्रेसष्ट.
स्वीडनमधलं बुरोस गाव, व्हिस्कान नदीचा दुसरा पूल,
पुलापाशी बटणं, दोरे, अस्तराचं कापड.
तीनशे बारा खण, प्रत्येकावर एक बटण शिवलेलं.
आत काय आहे ते सांगायला अक्षर लागत नाही.

नगरपालिकेनं सभा घेतली. कॉफी होती, दालचिनीचे पाव होते,
पडद्यावर गोदामाचं चित्र, छतावर गवत उगवलेलं.
चपलांच्या दुकानाचा सिक्स्टेन उठला,
"भाड्याचं काय?" एवढंच म्हणाला आणि खाली बसला.
गुनवोरचा भाचा मेल्करनं हात वर केला.
त्यानं विचारलं, पाळ्या किती तासांच्या असतील.
सगळे गुनवोरकडे बघायला लागले.
ती पावावरची साखर बोटानं टिपत राहिली.

काय बोलणार होती?
हे गाव वसलं तेच पाठीवर गाठोडं घेऊन
दारोदार कापड विकणाऱ्यांच्या जिवावर.
मग गाठोड्याचं पार्सल झालं.
टपालानं माल धाडणाऱ्या कंपन्या आल्या, जाडजूड कॅटलॉग आले,
आणि तिचे आजोबा याल्मार
चाळीस वर्षं सुतळीच्या गाठी मारत राहिले.

ते गेल्यावर शिवणाच्या डब्यात एक कागद सापडला.
मागणीचा छापील फॉर्म. मागच्या बाजूला पेन्सिलीनं,
पार उत्तरेकडच्या कुठल्याशा दुकानदारानं लिहिलेलं:

तुमचं पुस्तक आमच्याकडे घरोघर पोचलं.
माझ्याकडे आता कुणी फिरकत नाही.
राग नाही. तुमचं कापड खरंच चांगलं असतं.
नऊ मीटर पाठवा, करडं, साधं.
दुकानाच्या काचेला पडदा लावायचाय,
रिकाम्या फळ्या रस्त्यावरून दिसतात.

त्याच कागदावर, कोपऱ्यात, आजोबांचं अक्षर:
साडेनऊ पाठवले. बिल नऊचं.

हा कागद तिनं सिक्स्टेनला दाखवला नाही.
माणूस बुडत असताना
त्याला नदीचा इतिहास सांगू नये.
आणि खरं सांगायचं तर
आपली पाळी आली म्हणून न्याय झाला,
असं तिला एकदाही वाटलं नाही.
रात्री तिनं दुकानाची काच मापली.
सव्वासात मीटर. कुठं लिहून नाही ठेवलं.

पुढच्या ऑक्टोबरात मेल्कर आला, गोदामाचं जाकीट घेऊन,
खिसा उसवलेला. ती टाके घालत होती,
तो सांगत होता मनगटावरच्या यंत्राबद्दल,
तासाला किती वस्तू, मध्ये किती सेकंद.
"आज काय काय उचललंस?"
"कुत्र्यांचं खाणं. चार्जर. चार्जर. कुणाचा तरी तंबू."
मग जरा थांबून, "बटणंपण, मावशी.
शंभराचं पाकीट."
तिनं दोरा दातानं तोडला.
"किती भोकांची?"
त्यानं बघितलं नव्हतं.

सिक्स्टेनच्या दुकानात आता पार्सलं घेऊन जायची खिडकी आहे.
तोच बसतो तिथं. लोकांचे बूट
तो लोकांना देतो, न उघडता.

आज सकाळी एक म्हातारी आली,
कोटाला अस्तर हवं होतं, दोन मीटर.
टेबलाच्या कडेला ठोकलेली पितळी पट्टी,
तिच्यावर खुणेची रेघ झिजून गेलेली.
गुनवोरनं कापड ताणलं नाही, सैल सोडलं,
आणि कात्री रेघेपुढे चार बोटं जाऊन मग वळली.
"मला दोनच हवंय," म्हातारी म्हणाली.
"दोनच आहे,"
गुनवोर म्हणाली, आणि घडी घालायला लागली.